आंबर्डेकरांची पाटी

आंबर्डेकर घरी आले की आधी तुमच्याकडे बघत नसत, दाराकडे बघत. दाराच्या उजव्या अंगाला, डोळ्यांच्या उंचीवर, त्यांनी रंगवून दिलेली पाटी आहे की नाही, ती सरळ लागलीय की नाही, तिच्यावर धूळ किती बसलीय, हे सगळं तपासून झालं की मग बेल. पाटी दिसली नाही तर बेल वाजायचीच नाही. तुम्ही आत चहाचं आधण ठेवून वाट बघताय आणि हा गृहस्थ जिन्यावरूनच परत गेलेला. दुसऱ्या दिवशी फोन यायचा, "काल येऊन गेलो. घर सापडलं नाही."

चेन्नईतल्या मराठी मंडळींना त्यांची दहशत वाटायची असं म्हणणं जरा जास्त होईल. पण नवीन घर घेतलेला माणूस ती बातमी त्यांच्या कानावर जाणार नाही याची काळजी घ्यायचा, एवढं खरं. कारण घर झालं किंवा लग्न झालं की आंबर्डेकरांची भेट ठरलेली. सागवानी फळी, गडद तांबडा रंग आणि त्यावर पिवळट पांढऱ्या अक्षरांत, देवनागरीत, तुमचं आडनाव. स्वतःच्या हातानं रंगवलेली आणि फुकट. फुकट मिळालेल्या वस्तूचा इतका जाच मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

मी वेस्ट मांबलमला राहायला गेले ती बँकेतल्या बदलीमुळे. नवरा सांगलीला, मुलगी सासूबाईंकडे आणि मी इथे एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. सामान चढवणारे हमाल तमिळमध्ये एकमेकांवर ओरडत होते, मी त्यांच्यावर हिंदीत ओरडत होते, कुणाचं कुणाला कळत नव्हतं. तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या दारात एक उंच, वाळका, बनियनवर पंचा टाकलेला म्हातारा येऊन उभा राहिला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "आडनाव काय?"

नमस्कार नाही, काही नाही.

"शिरसाट," मी म्हटलं.

"सासरचं का माहेरचं?"

"सासरचं."

"यजमान कुठायत?"

"सांगलीला."

"मग इथे घर कुणाचं?"

"माझं. बदली माझी झालीय."

ते जरा अडखळले. हे त्यांच्या चौकटीत बसेना. "सेरी," असं स्वतःशीच म्हणून ते आत गेले. 'सेरी' म्हणजे तमिळमध्ये 'बरं'. हा शब्द त्यांच्या तोंडात इतका बसला होता की देवापुढेही ते आरती संपली की सेरी म्हणायचे.

पुढे काही दिवसांनी पाटी आली. माझं नाव लिहा, सुनंदा, असं मी त्यांना बजावून सांगितलं होतं. पाटीवर नुसतं 'शिरसाट'. मी विचारलं तर म्हणाले, "नाव माणसाचं असतं, बाई. माणूस येतो, जातो. दाराला आडनाव लागतं." मला चीड आली. ज्या घराण्यातल्या एकाही माणसानं या शहरात पाऊल ठेवलेलं नव्हतं, त्याचं आडनाव माझ्या दारावर. आणि घामाघूम होऊन रोज बँकेत जाणारी मी कुठेच नाही. तरी पाटी लावली. अक्षरं फार सुंदर होती हे एक कारण, आणि ते रोज जिन्यातून वर डोकावत होते हे दुसरं.

अक्षर त्यांना नोकरीनं दिलं होतं. संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात ते ट्रेसर म्हणून लागले आणि नकाशांवरची अक्षरं काढता काढता निवृत्त झाले. पाटीसाठी आधी कागदावर अक्षर आखायचं, मग त्याच्या कडेकडेनं सुईनं भोकं पाडायची, कागद फळीवर ठेवून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची, की फळीवर ठिपक्यांचं अक्षर उमटे. त्यात रंग भरायचा. सगळी अक्षरं झाली की शेवटी वरची रेघ, एका दमात. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही, पंखा बंद. मालतीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कुकरची शिट्टी होईल म्हणून गॅससुद्धा बंद करत. चेन्नईच्या उकाड्यात पंखा बंद करून बसलेली ती दोन माणसं मला वेडी वाटायची.

"काका, इथे हे वाचणार कोण?" मी एकदा विचारलं. पोस्टमन माझ्या पाटीपुढे उभा राहून डोकं खाजवायचा आणि शेवटी समोरच्या मामींना विचारायचा.

"तुम्हाला वाचता येतं ना?"

"मला माझं आडनाव माहीत आहे हो."

"राहील का बघा," ते म्हणाले.

त्यांचा खडूसपणा मी मुळीच गोड करून सांगणार नाही. ओरगडमच्या एका गाड्यांच्या कारखान्यात भोईटे नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्याचं लग्न झालं, आंबर्डेकरांची पाटी पोचली. त्याच्या बायकोनं ती हौसेनं हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावली, शोभेची वस्तू म्हणून. आंबर्डेकर गेले, दारावर पाटी नाही, पण दार उघडंच होतं म्हणून आतली दिसली. त्यांनी चहाला नाही म्हटलं. स्क्रू ड्रायव्हर मागितला, स्टुलावर चढले, पाटी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बगलेत मारून घरी घेऊन आले. नव्या नवरीच्या डोळ्यांत पाणी. "आडनाव म्हणजे काय फुलदाणी आहे?" हे जाताना वर ऐकवून आले. नंतर त्या मुलीनं मला हा किस्सा सांगितला तेव्हा मात्र ती हसत होती. "सुटलो," म्हणाली.

आता जिथलं हे आडनाव, त्या आंबर्डे गावाला तरी आंबर्डेकरांनी काय दिवे लावले होते? लहानपणी एकदा वडिलांबरोबर गेले होते, तेही कुणाच्या तरी तेराव्याला. पुढे आयुष्य इथेच गेलं. वर्तमानपत्र तमिळ, भाजीवाल्याशी भांडण तमिळमध्ये, सकाळी फिल्टर कॉफी. मग आडनावाचं एवढं खूळ कशासाठी, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. कळलं ते माझ्याच एका चुकीमुळे.

एका सुट्टीच्या दिवशी खाली कुरिअरवाला आला. आंबर्डेकरांचं दार बंद होतं म्हणून त्यानं मला वर येऊन विचारलं, एम. प्रसाद इथेच राहतात का? मी म्हटलं, असं कुणी नाही या इमारतीत. पाकीट परत गेलं. संध्याकाळी मालतीकाकू कपाळाला हात लावून वर आल्या. "अगं, तो आमचाच प्रसाद! त्याच्या बँकेची कागदपत्रं अजून इथल्याच पत्त्यावर येतात."

"तो आंबर्डेकर ना?"

"चल खाली, सांगते."

खाली स्वयंपाकघराच्या दाराशी बसून काकू शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या, आणि समोर बाल्कनीत आंबर्डेकर एका फळीला पॉलिश पेपर घाशीत होते. त्यांना ऐकू जाईल याची काकूंना फिकीर नव्हती. किंबहुना ऐकू जावं अशाच आवाजात त्या बोलत होत्या.

"इथली रीत तुला माहीतच आहे. बापाच्या नावाचं पहिलं अक्षर पुढे लावायचं, मग आपलं नाव, झालं. आडनाव वगैरे भानगड नाही. प्रसादला शाळेत घालायला हे गेले. मोठे सर म्हणाले, एवढं लांबलचक कशाला, इथे आडनाव लावलं की लोक जात विचारतात, पोराला चिडवतात, नुसतं एम. प्रसाद पोदुम. पुरे. आणि आमचे हे काय म्हणाले असतील?"

मी बाल्कनीकडे पाहिलं. घासण्याचा आवाज थांबला होता.

"सेरी म्हणाले! वर घरी आले ते पेढे घेऊन. म्हणे, मालती, आता पोरगा इथला झाला, याला कुणी परका म्हणणार नाही. यांना कारखान्यात नवीन असताना परका म्हणायचे ना, ते मनात होतं. घरातसुद्धा त्याच्याशी तमिळ बोल, हे यांनीच मला सांगितलं. आता तो इथलाच झालाय, तर यांना आडनाव आठवतंय. यांच्यावर संपलं बघ ते. दुसऱ्यांच्या दारावर लिहीत हिंडतात."

"मालती," बाल्कनीतून आवाज आला, "शेंगा जून आहेत. टाकून दे."

घासण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मला मात्र त्या दिवशी हा माणूस एकदम समजला, आणि समजला म्हणून जास्त आवडला असंही नाही. स्वतःच्या हातानं पुसायचं आणि जगाच्या दारावर गिरवत बसायचं, आणि वर लोकांनाच टाकून बोलायचं. पण त्यानंतर ते माझ्या दाराशी पाटी पुसायला आले की मी त्यांच्यावर वैतागायचं टाळू लागले.

मग प्रसादनं वेलचेरीला फ्लॅट घेतला. प्रसाद संगणकाच्या कंपनीत, बायको उमा तिथलीच, गोड मुलगी, आणि मुलगा आदित्य सहा-सात वर्षांचा. बातमी कळल्यापासून आंबर्डेकरांच्या अंगात वारं शिरलं. कागदोपत्री आता काही बदलणार नाही हे त्यांनाही कळत होतं. पण दार ही त्यांच्या लेखी वेगळी गोष्ट होती. "कागदावर काय असेल ते असो," ते मला म्हणाले. "मुलाच्या दारावर आंबर्डेकर लागलं, की मी सुटलो. नातू रोज येता-जाता बघेल. डोक्यात राहील त्याच्या."

ही पाटी नेहमीच्या दुप्पट मोठी होती. वर 'आंबर्डेकर' आणि खाली सगळ्यांची नावं: मनोहर, मालती, प्रसाद, उमा, आदित्य.

"इथे बरी नावं चालली," मी टोमणा मारला.

"ते घर आहे," ते म्हणाले. "तुमचं बिऱ्हाड आहे." पण म्हणताना ते हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

रंगाचे किती हात दिले असतील देव जाणे. एखादं अक्षर मनासारखं आलं नाही की सगळं खरवडून पुन्हा. वास्तुशांतीला काकूंनी मलाही बरोबर घेतलं. रिक्षात ती पाटी काकूंच्या जुन्या रेशमी साडीत गुंडाळून आंबर्डेकरांनी मांडीवर धरली होती, आणि खड्डा आला की रिक्षावाल्याला ते तमिळमध्ये झापत होते.

फ्लॅटच्या दारात कोलमची रांगोळी काढली होती, आंब्याची पानं लावली होती, दार सताड उघडं होतं, आतून मंत्र ऐकू येत होते. आणि उजव्या अंगाला, डोळ्यांच्या उंचीवर, चकचकीत स्टीलची छोटी पाटी आधीच ठोकलेली होती. इंग्रजीत, 'प्रसाद एम.' समोरच्या दारावर तशीच, शेजारच्या दारावर तशीच. आंबर्डेकर उंबऱ्याबाहेर उभे राहिले. सवयीप्रमाणे ते परत फिरतील असं मला क्षणभर वाटलं. तेवढ्यात वेष्टी नेसलेला प्रसाद बाहेर आला.

"वांगो अप्पा, या ना, बाहेर का उभे?"

"ती काढ," ते पाटीकडे बोट करून म्हणाले. "ही लावायचीय."

"अप्पा, ती बिल्डरनं दिलीय. सगळ्या फ्लॅटना सेम आहे. असोसिएशनचा रूल आहे."

"मग शेजारी लाव."

"एवढी मोठी? आणि इथे कोणाला वाचायला येणार, सोल्लुंग, सांगा ना? मला पण हळूहळू वाचावं लागतं." तो वाईट बोलत नव्हता, समजावत होता. "आत ठेवू ना. देवघराजवळ चांगली दिसेल."

"दारावर," आंबर्डेकर म्हणाले.

"प्लीज अप्पा, आज सीन नको. उमाचे सगळे लोक आलेत."

एवढ्यात आदित्य धावत आला आणि पाटीवरची साडी बाजूला करून बघू लागला. "ताता, हिंदी आहे का हे?" त्यानं तमिळमध्ये विचारलं.

आंबर्डेकर खाली बसले. त्यांच्या गुडघ्यांना ते सोपं नव्हतं. त्यांनी त्याचं बोट धरून शेवटच्या नावावर ठेवलं. "हा बघ, हा तू. आदित्य." मग बोट वर नेलं. "आदित्य आंबर्डेकर."

"नो ताता," पोरगं हसायला लागलं. आजोबा गंमत करतात असंच त्याला वाटलं. "मी पी. आदित्य. आंबर्डेकर कोण?"

मग उमा पुढे झाली आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रेमानं म्हणाली, "कन्ना, ते ताताच्या गावाचं नाव आहे." ते खोटंही नव्हतं.

आंबर्डेकर पूजेला बसले, जेवले, पायसम वाढून घेतलं. निघताना पाटी तिथेच भिंतीला टेकवून ठेवली. "लावायची असेल तेव्हा लाव," एवढंच म्हणाले.

त्याच वर्षअखेरीला पाऊस कोसळला. वेलचेरीत पाणी भरलं. तिथे ते भरतंच, पण त्या वेळी दिवसचे दिवस उतरेना. दूध नाही, वीज नाही. पाणी उतरून गुडघ्यावर आल्यावर काकूंनी इडल्यांचे डबे भरले आणि आंबर्डेकर निघाले. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला एकट्याला कसं सोडायचं म्हणून मी बरोबर गेले. शेवटचा टप्पा आम्ही कडेकडेनं चालत गेलो.

प्रसादच्या इमारतीच्या फाटकापासून जिन्यापर्यंत पाणी होतं. वॉचमननं त्यात विटा रचून वर मिळतील त्या फळ्या टाकून वाट केली होती. लोक त्यावरून येत-जात होते. त्यातली जिन्याजवळची फळी गडद तांबडी होती. चिखलाच्या पावलांमधून 'आंबर्डेकर' अजून स्पष्ट वाचता येत होतं. रंग कुठेच उडाला नव्हता. प्रसादचं जास्तीचं सामान खाली पार्किंगच्या खोलीत ठेवलेलं होतं, तिथली ही. एक बाई पोराला कडेवर घेऊन तिच्यावर पाय देऊन वर गेली.

"वांग सार, वांग," वॉचमननं मदतीला हात पुढे केला.

आंबर्डेकरांनी तो हात घेतला नाही. ते फळीच्या बाजूनं पाण्यात उतरले. त्या घाण काळ्या पाण्यात, धोतर भिजवत, डबे डोक्यावर धरून ते जिन्यापर्यंत चालत गेले. मीही त्यांच्या मागून पाण्यातूनच गेले. दुसरं करण्यासारखं काय होतं?

वर प्रसाद त्यांच्यावर चिडला. "अप्पा, फळ्या टाकल्यात ना खाली? पाण्यातून कशाला आलात? त्या पाण्यात काय काय असतं!"

"फळीचा भरवसा वाटला नाही," आंबर्डेकर म्हणाले.

मी तोंड उघडणार होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. प्रसादला यातलं काहीच माहीत नव्हतं, तो स्वतः तीन दिवस खाली उतरला नव्हता. वॉचमनला ते वाचता येत नव्हतं, आणि वाचता आलं असतं तरी त्यानं लोकांची सोयच पाहिली असती. रागवायचं तर कुणावर? आज इतक्या वर्षांनीही मला तो राग कुठे ठेवावा ते कळत नाही. परत येतानाही ते पाण्यातूनच आले, आणि घरी पोचल्यावर काकूंना म्हणाले, "सगळे बरे आहेत. इडल्या आवडल्या."

त्यानंतर त्यांनी पाट्या करणं सोडलं. कुणाचं घर झाल्याचं कळलं तर फोनवर अभिनंदन करत. कुणाकडे गेलेच तर दाराकडे न बघता सरळ बेल वाजवत. लोकांना वाटलं, म्हातारा निवळला. भोईटेच्या बायकोनं तर मला विचारलं, "काका आता किती छान बोलतात, नाही?"

पुढे माझी बदली झाली, सांगलीजवळच. सामान ट्रकमधून गेलं होतं, टॅक्सी यायची होती, म्हणून दुपारी निरोप घ्यायला खाली गेले. काकूंनी कॉफी केली. आंबर्डेकर बाल्कनीत मांडीवर फळी घेऊन रंगवत बसले होते. मला इतका आनंद झाला की मी कप तसाच ठेवून बाहेर गेले.

फळीवरची अक्षरं तमिळ होती.

"प्रसादचा फोन आला होता," ते मान वर न करता म्हणाले. "ती स्टीलची पाटी गंजली, सगळ्यांच्याच गंजल्या, आता रूलही राहिला नाही. म्हणाला, अप्पा, तुम्ही करून द्या ना, तमिळमध्ये, सगळ्यांना वाचता येईल. स्वतःहून म्हणाला." त्या 'स्वतःहून'वर त्यांनी जोर दिला.

मला तमिळ वाचता येत नव्हतं. "काय लिहिलंय?"

"म. प्रसाद." त्यांनी ओल्या रंगाला न लागेल असं बोट पहिल्या अक्षरावर धरलं. "हा म म्हणजे मी. मनोहरचा. आडनाव नाही तर नाही, एवढा तरी मी त्याच्या दारावर राहीन."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "छान झालं की, काका. रोज दिसाल त्यांना."

"हो. प्रसाद आहे तोवर," ते म्हणाले. "आदित्यच्या दारावर प लागेल. तिथे मी नाही."

आतून काकूंचा हुंदका ऐकू आला. एरवी प्रत्येक वेळी 'तुम्हीच सेरी म्हणालात' असं सुनावणारी ती बाई त्या दिवशी काहीच बोलली नाही. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. मी वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "शिरसाटबाई, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

मी बाजूला झाले. निघताना बाल्कनीच्या दारातून मागे वळून पाहिलं. प्रसादच्या अक्षरांना त्यांनी रंगाचा एकच हात दिलेला होता, तो पातळ होता आणि त्यातून लाकूड दिसत होतं. त्या पहिल्या अक्षराला मात्र ते पुन्हा रंग भरत होते.